लिहायला माडी बरी की खालची खोली?

सोलापुरात घरी बसून लिहायचं तर माडी भारी, उजेड मस्त, शेजारच्या पॉवरलूमची खटखट येते पण संतूर लावला की ती तालातच मिसळून जाते आणि मांजर खिडकीत चादरीवर पसरलेलं, कीबोर्डकडे फिरकत पण नाही. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की तिथं नुसती भट्टी!

खाली कूलर आहे, आपली हवा कोरडी त्यामुळं गारवा चांगला येतो, फक्त त्याच्या घरघरीत संतूर गायब, मग हेडफोन, मग कुत्रं दाराशी भुंकतंय ते कळतच नाही. मांजर तर थेट लॅपटॉपवर, ऊब लागते ना. शब्दांची गाणी दोन्हीकडं बंद, आपलं वाक्य अडतं राव. पाऊस पडेपर्यंत तरी मी खालीच.