स्टार वॉर्स की स्टार ट्रेक, कोणाचं यान भारी? वाद मिटवायला सीन मोजायचा की पुस्तकातला आकडा घ्यायचा

माझा मावसभाऊ पक्का ट्रेकवाला, मी लहानपणापासून स्टार वॉर्सवाला, त्यामुळे माझ्याकडचं युद्धयान स्टार डिस्ट्रॉयर आणि त्याच्याकडचं एंटरप्राइज-डी समोरासमोर आले तर काय होईल हा वाद आमच्या घरात दर दिवाळीला होतोच. पण गणिताने निकाल लावायचा ठरवलं तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते, आकडे आणायचे कुठून. सीन पॉज करून मोजायचं की अधिकृत टेक्निकल पुस्तकात छापलेलं मान्य करायचं? मी दोन्ही करून बघितलंय, ज्याला यात उतरायचंय त्याच्यासाठी लिहितोय.

आधी सीनचं. स्टार वॉर्सच्या १९८० च्या चित्रपटात स्टार डिस्ट्रॉयर लघुग्रहांच्या गर्दीत घुसतं आणि वाटेतले दगड टर्बोलेझरने, म्हणजे त्याच्या तोफांनी, उडवतं, दगड चमकतो आणि गायब. लॅपटॉपवर फ्रेम थांबवायची, पट्टी लावायची. यानाची लांबी १६०० मीटर माहिती आहे, यान तिरकं दिसत असेल तर कोन धरायचा, म्हणजे स्क्रीनवरचा एक मिलिमीटर किती मीटरचा ते निघतं. समजा दगड साडेचार मिलिमीटर भरला आणि तो ४० मीटरचा निघाला. लोखंडाचा धरला तर वजन सुमारे २ लाख ६० हजार टन. एक किलो लोखंडाची वाफ करायला साधारण ८ मेगाज्यूल लागतात, गुणाकार केला की जवळपास अर्धा मेगाटन येतो, म्हणजे पाच लाख टन टीएनटीच्या स्फोटाएवढी ऊर्जा. एका फटक्याला!

आता इथेच सगळी गंमत आहे. वाफ झालीच नाही, नुसता वितळला असं कोणी म्हणालं तर आकडा एकदम ७५ किलोटनवर (हजार किलोटनचा एक मेगाटन) येतो, आणि नुसता फुटून तुकडे झाले म्हणालं तर त्याहून कितीतरी खाली. लोखंडाऐवजी साधा दगड धरला तर वजनच तिपटीने कमी. आणि मोजताना पट्टी अर्धा मिलिमीटर सरकली, साडेचारचे पाच झाले, तर ऊर्जा ३७ टक्क्यांनी वाढते कारण व्यास तीनदा गुणला जातो. दगड कॅमेऱ्याच्या जवळ आहे की यानाच्या मागे यावर तर सगळंच बदलतं. दगड यानाआड गेलेला दिसला तर तो नक्की मागे आहे, म्हणजे मोजला त्याहून मोठाच असणार, असे सीन सोन्यासारखे, ते आधी शोधा.

पट्टी न लावता होणारं गणित डेथ स्टारचं, म्हणजे स्टार वॉर्समधल्या अख्खा ग्रह उडवणाऱ्या तळाचं. पृथ्वीएवढा ग्रह स्वतःच्या गुरुत्वाकर्षणातून सोडवून कायमचा विखरायला सुमारे २.२ गुणिले दहाचा ३२ वा घात इतके ज्यूल लागतात, म्हणजे सूर्य जवळजवळ आठवडाभर सगळ्या दिशांना जेवढी ऊर्जा टाकतो तेवढी. ही किमान हं. सीनमधून नेहमी किमान आकडाच मिळतो, तोफ पूर्ण ताकदीने मारली होती की दहा टक्क्यांनी हे दगडाला विचारता येत नाही, आणि सीनवाल्या पद्धतीची हीच मोठी मर्यादा आहे.

पुस्तकांचं काम दोन मिनिटांचं. ट्रेकच्या १९९१ च्या टेक्निकल मॅन्युअलप्रमाणे फोटॉन टॉर्पेडोत (एंटरप्राइजचं क्षेपणास्त्र) १.५ किलो अँटीमॅटर असतं, ते साध्या पदार्थाला, म्हणजे मॅटरला, भिडलं की दोन्हीची पूर्ण ऊर्जा होते. तेवढंच मॅटर मिळालं की तीन किलो, प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणलं की सुमारे ६४ मेगाटन. १९६१ ची झार बाँबा, सोव्हिएत हायड्रोजन बाँब, ५० मेगाटनची होती. स्टार वॉर्सच्या २००२ च्या क्रॉस-सेक्शन्स पुस्तकात तर स्टार डिस्ट्रॉयरपेक्षा लहान अशा सैनिकवाहू यानाच्या टर्बोलेझरला एका फटक्याला २०० गिगाटन (एक गिगाटन म्हणजे हजार मेगाटन) दिलेत.

हे आकडे शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे पुस्तक धरलं तर वॉर्सचा फटका टॉर्पेडोच्या तीन हजार पट. ट्रेकला पुस्तक आणि वॉर्सला सीन धरला तर ६४ विरुद्ध अर्धा, ट्रेक सव्वाशे पट पुढे. म्हणजे यानं तीच, फक्त आकडे आणण्याची जागा बदलली आणि निकाल उलटा! आमची भांडणं वर्षानुवर्षं यामुळेच चालली, तो त्याच्या बाजूला पुस्तक उघडायचा आणि माझ्या बाजूला पट्टी लावायचा, आणि मी बरोबर त्याच्या उलट.

पुस्तकाचा आकडा आयता असतो म्हणून तो तपासायचाच नाही असंही नाही. मालिकेत एंटरप्राइज-डीच्या रिॲक्टरबद्दल १२.७५ अब्ज गिगावॅट असा संवाद आहे, आणि तो 'प्रति' वर येऊन मध्येच तुटतो, प्रति काय ते कळतच नाही. ते नुसते वॅट धरले तर सेकंदाला ७१ किलो अँटीमॅटर जळतंय, म्हणजे दर सेकंदाला ४७ टॉर्पेडोंचं इंधन, तासाला अडीचशे टनांवर. ज्या यानाच्या टॉर्पेडोत दीड किलो भरतात त्याचा हा खर्च पटतो का तुम्हाला? मला नाही पटत. एका जगाचे दोन आकडे एकमेकांवर आपटून बघणं हे मला या सगळ्यातलं सगळ्यात आवडतं काम.

मग काय निवडायचं? मंडळी चहाला जमलीत आणि अर्ध्या तासात आटपायचंय तर पुस्तक, पण दोन्ही बाजूंना पुस्तकच. समोरच्याला खरंच पटवायचंय तर सीन, कारण प्रत्येक पायरी त्याला दाखवता येते, चूक वाटली तर तो स्वतः पट्टी लावून बघू शकतो, छापील आकड्याशी असं बोलता येत नाही. माझं मत सीनकडेच. फक्त एक आकडा देऊ नका, पल्ला द्या: दगड वितळला तर एवढं, वाफ झाली तर एवढं. आणि एकक आधी ठरवा, वॅट म्हणजे दर सेकंदाचं आणि ज्यूल म्हणजे एकूण, यावरून आमचा एकदा अख्खा रविवार गेलाय.

या दिवाळीला आम्ही आधी कागदावर लिहून घेतलं, दोन्हीकडे सीनच, पुस्तक फक्त पडताळणीला. आता मावसभावाकडे काम आहे ट्रेकमधला असा एक सीन शोधायचं ज्यात टॉर्पेडो मोजता येईल अशा दगडावर लागतो आणि बाजूला माहितीच्या लांबीचं काहीतरी दिसतं. सापडला की पट्टी तीच.