एकी मोठी की कल्पना?

माणूस पुढे गेला तो एकीमुळे की कल्पनेमुळे? एकी मधमाश्यांतही असते, पण ती आपल्या पोळ्यापुरती. वेरूळचं कैलास, १६ क्रमांकाचं लेणं, ८व्या शतकातलं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आणि खोदलेलं कळसाकडून पायाकडे! भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा जवळून बघा, किती हात राबलेत ते कळतं. पण अखंड कातळात देऊळ आधी कुणाला तरी दिसलं, मग बाकीच्यांना पटलं. चुकून फुटलेला दगड परत जोडता येत नाही, तरी पटलं. म्हणून माझं माप कल्पनेकडेच झुकतं. आमच्या शिवारातला नाला खोल करताना टोपल्या सगळ्यांनीच उचलल्या; कोरड्या नाल्यात पाणी मात्र आधी आमच्या आजीला दिसलं होतं.