पैसे 'ओरिजिनल'चे घेतात, टाकून देतात क्रॅक

सेकंडहँड लॅपटॉप विकताना दुकानदार सांगतो, "विंडोज ओरिजिनल आहे, ऑफिस लाइफटाइम टाकून दिलंय," आणि त्याचे हजार-दीड हजार वेगळे लावतो. बिलावर मात्र नुसतं 'लॅपटॉप १ नग'. काही महिन्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं उमटतात. दुकानदार म्हणतो, "आणा, परत करून देतो." ग्राहकाला माणूस भला वाटतो. प्रत्यक्षात विंडोजला खोटं लायसन्स दाखवणारं तेच क्रॅक पुन्हा मारलं जातं.

मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची सोय आहे. संस्थेच्या सर्व्हरवरून तिथले कॉम्प्युटर ॲक्टिव्हेट होतात. विंडोजसाठी किमान २५ मशीन लागतात आणि ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं. सर्व्हरशी संपर्क झाला की मुदत वाढते. क्रॅकचं टूल तुमच्याच लॅपटॉपवर असा खोटा सर्व्हर उभा करतं. विंडोजचा अँटिव्हायरस 'डिफेंडर' त्याला पकडतो, म्हणून टूलचं फोल्डर आधी 'एक्सक्लूजन्स'मध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत घातलं जातं. ही नोंद नंतर कोणी काढत नाही. त्या फोल्डरमध्ये पुढे काहीही येऊन बसलं तरी डिफेंडर तिकडे बघत नाही. अशाच क्रॅकच्या फायलींतून स्टॉप-डीजेव्हीयू हे रॅन्समवेअर पसरलं. फोटो, हिशेब सगळं कुलूपबंद, आणि फोल्डरात एक 'रीडमी' फाइल: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०.

आम्हाला सर्वांत जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. विंडोज ८ पासून पुढे जे ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसकट विकले गेले, त्यांची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या बायॉस चिपमध्येच असते. म्हणजे होम आवृत्तीचं खरं लायसन्स त्या मशीनमध्ये आधीपासून होतं! दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर 'प्रो' ही वेगळी आवृत्ती असते, तीच तो सगळ्यांना टाकतो. होमची की प्रोला चालत नाही, मग क्रॅक. ग्राहकाचं हक्काचं लायसन्स बाजूला सारून त्याच्याकडूनच वर पैसे घेतले जातात.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत 'एसएलएमजीआर', एक स्पेस, स्लॅश आणि 'एक्सपीआर' (slmgr /xpr) टाइप करून एंटर दाबा. 'व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन विल एक्स्पायर' आणि पुढे तारीख आली, तर ते संस्थांचं ॲक्टिव्हेशन; घरगुती लॅपटॉपवर ते खरं असण्याचं कारण नाही. 'परमनंटली ॲक्टिव्हेटेड' आलं तरी निर्धास्त होऊ नका, काही नवी क्रॅक हेच दाखवतात. म्हणून विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक्सक्लूजन्सची यादी उघडा. नुकत्याच फॉरमॅट मारलेल्या मशीनवर ती रिकामी हवी.

ऑनलाइन चारपाचशे रुपयांत मिळणारं 'लाइफटाइम ऑफिस' याहून वाईट. विक्रेता की देत नाही, तयार युजरनेम-पासवर्ड देतो. ते खातं कुठल्यातरी संस्थेच्या नावावर असतं आणि त्याचा ॲडमिन तिसराच कोणी. तो पासवर्ड बदलू शकतो, वनड्राइव्हमधल्या तुमच्या फायली उघडू शकतो, खातं पुसूही शकतो. आधार-पॅनचे स्कॅन तिथे ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कायद्याचं म्हणाल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी वा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा. पक्क्या बिलावर विंडोजची आवृत्ती आणि ऑफिसचं नाव स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. आपण पैसे मोजून घेतलं याचा तोच पुरावा. दुकानदार तसं लिहायला कां-कूं करू लागला तर ते पैसे देऊच नका. फसवणूक आधीच झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

क्रॅक निघालंच, तर फक्त कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा, इन्स्टॉलरच्या फायली अजिबात नकोत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन विंडोज टाकायचा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा, पण दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर. डिस्कचे सगळे भाग (पार्टिशन्स) उडवून होम टाका. बायॉसमध्ये विंडोज १० किंवा ११ ची की असेल तर ती विचारली जात नाही, इंटरनेट जोडलं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस फुकट आहे, आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात.