पेला तिकडचा, पेला उकिरड्यावरचा

स्वीडन-फिनलंडच्या जुन्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात बर्फ वितळला की शेवाळातून एक काळपट बुरशी वर येते: सार्कोसोमा ग्लोबोसम. वर चकचकीत काळी थाळी, खाली फुगीर पोट, पोटात जेलीसारखं पाणी. स्वीडिश नाव 'बॉम्बमुर्कला'. जुनी जंगलं तुटत गेली तशी ती युरोपात दुर्मीळ झाली.

आपल्या मराठवाड्यात पाऊस लागला की शेणखताच्या ढिगावर, उकिरड्याच्या कडेला पाहा. सायाथस नावाच्या बुरशीचे सेंटीमीटरभर पेले दिसतील, आत मोहरीएवढ्या चपट्या गोळ्या, जणू घरट्यातली अंडी. पावसाचा टपोरा थेंब पेल्यात पडला की गोळी मीटरभर उडते. तिला चिकट दोरी असते, ती गवताच्या काडीला गुंडाळली जाते. ते गवत गुरांनी खाल्लं की गोळीतले बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, परत शेणात! तिकडची मात्र बीजाणू थेट हवेत सोडते.

आकार पेल्याचा असला तरी भावकी वेगळी. ती गुच्छी या आळंबीच्या गोतातली, आपली ढिंगरी आळंबीच्या.

माझा कौल उकिरड्याला. बॉम्बमुर्कला जपलीच पाहिजे, पण हे पेले पोरांना आजच दाखवता येतात. फक्त खायचे नाहीत, आणि खत उपसण्याआधी गुडघे टेकून बघायचे.