जुनं डायव्हर घड्याळ, अकरा महिने: बेझलनं टाकी वाहवली

ब्रँड लिहीत नाही. घरी सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यात एका शून्याचा फरक आहे आणि आमचा मेव्हणा रिकामा असला की गूगल करत बसतो. जाणकारांना एवढं पुरे: स्विस, ऑटोमॅटिक, सत्तरच्या दशकातलं, पाण्याखाली 200 मीटरपर्यंतचं, प्लास्टिकची काच, डायलच्या तळाशी ‘टी स्विस टी’. मर्चंट नेव्हीतनं निवृत्त झालेल्या एका काकांकडनं घेतलं. चालतं झकास, दिवसाला दहाबारा सेकंद पुढं. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची. आमच्याकडं पहाटे पाणी येतं, मोटर लावली की पंचवीस मिनिटांत टाकी भरते. कोल्हापुरात डायव्हर घड्याळाचा याहून मोठा उपयोग मला तरी सापडलेला नाही. बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यावर लावायचा, काटा तिथनं किती पुढं गेला तेवढी मिनिटं झाली, आणि निवांत चहा प्यायचा. दुसऱ्याच आठवड्यात मोटर लावून गाडी बाहेर काढली, त्यात जर्किनची बाही घासून बेझल आठ मिनिटं पुढं सरकलं. घड्याळ म्हणतंय सतराच मिनिटं झाली, आणि खालच्या काकू ओरडतायत, ‘अहो, टाकी!’

त्या काळातली बरीच बेझलं अशीच, दोन्हीकडं फिरणारी, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर थांबलेली. माझं पाणी वाया गेलं. पाण्याखालच्या माणसाला तीच आठ मिनिटं हवा शिल्लक असल्यासारखी दिसली असती. म्हणून पुढं एकाच दिशेनं, उलटं फिरणारं बेझल रूढ झालं. धक्का लागलाच तर वेळ जास्त झालेली दिसते, माणूस लवकर वर येतो. आणि ब्लाँपाँ या स्विस कंपनीच्या फिफ्टी फॅदम्स या डायव्हर घड्याळाला तर 1953 सालीच बेझल चुकून फिरू नये म्हणून लॉक होतं! मग वीस वर्षांनंतरच्या माझ्या घड्याळाला काय धाड भरली होती? इथं मी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो.

तेवढ्यात जुलै आला. रंकाळ्यावरनं भिजत घरी आलो तर काचेखाली, चारच्या आकड्याजवळ, धुकं. डायलवर 200 मीटर छापलंय आणि पावसानं घाम फोडला. चूक माझीच. पाणी अडवतं ते रबर, आणि रबराला वय असतं. पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरला नेलं तर म्हणाले, डायल, काटे, बेझल सगळं नवं घालू, अठ्ठेचाळीस हजार, जुने पार्ट परत मिळणार नाहीत. अहो, त्या पिवळ्या पडलेल्या ठिपक्यांचेच तर पैसे मोजलेत मी! त्यांत अंधारात चमकायला ट्रिटियम असतं, डायलवरचे ते ‘टी’ त्याचेच. ते दर 12.3 वर्षांनी निम्मं होतं, पन्नास वर्षांत जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. अंधारात काही दिसत नाही हे कबूल. पण नवा डायल घातला की माझे निम्मे पैसे पाण्यात. घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि एसटी धरली.

महाद्वार रोडच्या बोळातल्या म्हाताऱ्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून पहिला प्रश्न टाकला, ‘पाव्हणं, ह्ये पाण्यात कशाला घातलं?’ मागचं झाकण उघडायला त्यांच्याकडं बसेल अशी चावी नव्हती. मग उद्यमनगर. पंपाचे पार्ट करणाऱ्या एका लेथवाल्यानं खाचा मोजून अर्ध्या तासात पितळी डाय काढून दिला. पैसे नको म्हणाला, मग दीडशे घेतले, वर चहा मलाच पाजला.

झाकण फिरलं तेव्हा आत रबर रिंग नव्हतीच, नुसतं डांबर होतं. काकांनी ते लाकडी काडीनं, श्वास रोखून, तारेसारखं उचलून काढलं. डायलला डाग नाही, मशीनच्या एकाच स्क्रूवर गंज. ऑइलिंग केलं, चावी द्यायच्या बटणातलं वायसर त्यांच्या डबीतनं निघालं, झाकणाची ओ-रिंग लक्ष्मीपुरीत दहा रुपयांना मिळाली. सगळं मिळून अडीच हजार.

आता बेझल. तेही काढलं. खाली पन्नास वर्षांचा मळ आणि त्यात थिजलेली, सपाट झालेली एक बारीक तार. मळ खरवडला, तार चिमट्यानं जराशी वाकवली. झालं! बाही घासू दे, गाडी घासू दे, जाग्यावरनं हलत नाही. म्हणजे सहा महिने मी ज्याला कंपनीची अक्कल म्हणून शिव्या घालत होतो तो अर्धा तरी मळच होता. एक स्टार मागं घेतो, चार देतो. पाचवा नाही, ओल्या बोटांनी आता ते माझ्याच्यानं पण फिरत नाही.

काचेवरचे चरे टूथपेस्टनं घासले, निम्मे गेले. भांडी घासताना घड्याळ काढून ठेवतो. पुढच्या जूनआधी बदलायला तसल्याच चार रिंगा आणून ठेवल्यात. मेव्हण्यानं घड्याळावरचा खर्च विचारला की त्याच दाखवतो.