पुस्तके संपतात तिथून सुरू होणारा गेम: ‘द विचर ३’चा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा गेम मी सवलतीच्या दरात, त्याच्या दोन्ही विस्तारांसह विकत घेतला आणि या फेब्रुवारीच्या मध्यावर तो पहिल्यांदा पूर्ण केला. गेमच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे १७० तासांहून थोडे अधिक झाले. हिंजवडीहून कोथरूडला परतून जेवण आटोपेपर्यंत साडेनऊ वाजतात, त्यामुळे हे सारे तास रात्री दहानंतरचे आणि काही पावसाळी रविवारांचे आहेत. हे सांगण्याचे कारण असे की, दोन आठवड्यांच्या सुट्टीत सलग खेळून काढलेला हा गेम आणि रोज तासाभराच्या हप्त्याने आठ महिने पुरवलेला हा गेम, हे दोन वेगळे अनुभव असणार. माझा अभिप्राय दुसऱ्या प्रकारातला आहे. शिवाय हा गेम ज्यांवर बेतलेला आहे ती पुस्तके मी आधी वाचली होती. पहिला कथासंग्रह एका सहकाऱ्याकडून मागून आणला, उरलेली पुस्तके डेक्कनवरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून एकेक करून जमवली. त्यामुळे गेम कसा आहे यापेक्षा, या पुस्तकांचा गेम कसा झाला आहे, याच प्रश्नाने मला शेवटपर्यंत धरून ठेवले.

पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांची विचरवरची, म्हणजे पैसे घेऊन राक्षस-भुते मारणाऱ्या गेराल्टवरची, पहिली कथा १९८६ साली ‘फांतास्तिका’ या मासिकात आली. पुढे कथासंग्रह निघाले आणि १९९४ ते १९९९ या काळात पाच कादंबऱ्यांची मालिका पूर्ण झाली. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने पहिला गेम २००७ मध्ये, दुसरा २०११ मध्ये आणि हा तिसरा मे २०१५ मध्ये आणला. यातला एकही गेम कादंबऱ्यांचे कथानक पुन्हा सांगत नाही. शेवटची कादंबरी जिथे संपते त्याच्या पुढची गोष्ट हे तीन गेम सांगतात. माझ्या मते या रूपांतराचे निम्मे यश या एका निर्णयात आहे. भूमिका घेऊन खेळण्याच्या गेममध्ये निर्णय खेळणाऱ्याचा असावा लागतो आणि लिहून झालेल्या गोष्टीत तो लेखकाने आधीच घेतलेला असतो. महाभारतावर असा गेम काढला आणि खेळणाऱ्याच्या अर्जुनाने गांडीव खाली ठेवले ते ठेवलेच, तर पुढचे अठरा दिवस पडद्यावर काय दाखवायचे? एक तर त्याला बळेच रथात बसवावे लागेल, नाही तर महाभारत सोडावे लागेल. इथे पुस्तकांतली माणसे, त्यांची जुनी भांडणे आणि नाती जशीच्या तशी घेतली आहेत आणि त्यांचे भवितव्य मात्र कोरे ठेवले आहे.

या निर्णयाची किंमतही आहे. शेवटच्या कादंबरीच्या अखेरीस गेराल्टचे जे होते ते पाहता त्याला पुन्हा रस्त्यावर आणणे सोपे नव्हते. पहिल्या गेममध्ये त्याची स्मृती गेल्याचे दाखवून वेळ मारून नेली आहे, आणि ती युक्ती आज थोडी पोरकट वाटते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कादंबऱ्यांनी बरीच पाने जपून ठेवलेले एक मोठे गुपित, म्हणजे गेराल्टची मानलेली मुलगी सिरी आणि निल्फगार्ड या साम्राज्याचा सम्राट यांचे नाते, हा गेम पहिल्याच काही तासांत, सर्वांना ठाऊक असल्याच्या थाटात सांगून टाकतो. (मीही आत्ता निम्मे सांगून बसलो आहे, त्याबद्दल क्षमस्व.) आधी गेम खेळून नंतर पुस्तकांकडे वळणाऱ्याचे हे नुकसान भरून येत नाही.

मला सर्वाधिक बांधून ठेवले ते वेलेन या प्रदेशाने. दोन सैन्यांमध्ये चिरडलेला, दलदलीचा, कोणाचाच न राहिलेला हा मुलूख आहे. जिथे जाल तिथे ओसाड घरे आणि झाडाला लटकवलेली प्रेते दिसतात. ‘बॅप्टिझम ऑफ फायर’ या कादंबरीत निर्वासितांच्या तांड्यांबरोबर गेराल्टचा जो प्रवास आहे त्याचा वास मला इथे आला, जरी त्यातला एकही प्रसंग गेममध्ये नाही. रूपांतर या शब्दाला माझ्या लेखी हाच अर्थ आहे. आणि या गेममध्ये जी भुते आहेत ती स्लाव्ह लोककथांतली असूनही मराठी माणसाला परकी वाटत नाहीत. सुरुवातीच्याच गावात एका पडक्या विहिरीपाशी भर दुपारी दिसणारी एक बाई आहे. लग्नाच्या तोंडावर हिंसक मृत्यू आलेल्या मुली अशा ‘नूनरेथ’ होतात असे गेममधल्या भूतकोशात लिहिले आहे. माझी आई तेव्हा शेजारीच शेंगा सोलत बसली होती. मी तिला हे वाचून दाखवले, तर ती सहज म्हणाली, ‘म्हणजे मुंज्याच की, फक्त मुलीचा.’ तिचे म्हणणे अगदी नेमके होते. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, लग्न ठरले पण लागायच्या आत गेली ती नूनरेथ. दोघेही एका संस्कारातून दुसऱ्यात जाताना मध्येच अडकलेले. तिचे प्रेत आणि तिचे कंगण विहिरीतून काढून जाळल्याशिवाय नुसत्या तलवारीने ती जात नाही, हेही आईला आश्चर्याचे वाटले नाही.

वेलेनमधल्या ‘ब्लडी बॅरन’ या सत्ताधीशाच्या प्रसंगात मृत जन्मलेल्या आणि विधीविना पुरलेल्या अर्भकाचे भूत होते. त्याला मारता येते, किंवा बापाने त्याला उचलून घेऊन, नाव देऊन, घराच्या उंबरठ्याखाली पुरायचे, म्हणजे ते घराचे रक्षण करू लागते. दारुडा, बायकोला मारणारा तो बॅरन त्या विद्रूप पोराला छातीशी धरून पावसातून चालत जातो, त्या दहा मिनिटांत मला करायचे होते ते फक्त आसपासच्या पिशाचांना दूर ठेवणे. बारशाआधी गेलेल्या मुलाबद्दल आपल्याकडे घरात कसे बोलतात, किंवा कसे बोलत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रसंगाचे भाषांतर लागणार नाही. एका बेटावरचा पितरांना बोलावण्याचा विधीही असाच आहे; पोलंड-बेलारूसकडच्या ‘जाडी’ या परंपरेवर तो बेतलेला आहे आणि मी तो योगायोगाने आपल्या पितृपक्षातच खेळलो.

सापकोव्स्कींच्या कथांचा कणा म्हणजे स्वच्छ पर्याय नसणे. ‘द लेसर इव्हिल’ या कथेत दोन वाइटांपैकी कमी वाईट निवडायला गेराल्ट नकार देतो, शेवटी त्याला निवडावेच लागते आणि त्याच्या पदरी खाटीक ही पदवी पडते. गेमने ही नीती उत्तम उचलली आहे, आणि ती संवादांपेक्षा वेळेच्या अंतरातून साधली आहे. वेलेनमधल्या एका टेकडीखाली कोंडलेल्या आत्म्याला सोडावे की मारावे, हा निर्णय मी गणपतीच्या आसपास घेतला. त्याचा परिणाम मला दसऱ्यानंतर कळला, कारण मधल्या काळात मी नॉव्हिग्राड शहरात भटकत होतो. तोवर मागे जाऊन निर्णय बदलण्याची सोय केवळ नावापुरती उरली होती. पंधरा-वीस तासांचा खेळ पुसून कोण टाकणार? सलग खेळणाऱ्याला हे अंतर इतके जाणवणार नाही, हप्त्याने खेळणाऱ्याला फार जाणवते.

पुस्तके वाचलेली असल्याचा सर्वांत मोठा लाभ मला स्केलिग बेटांवर झाला. ‘द लास्ट विश’ या कथेत गेराल्ट जिनकडे जी तिसरी इच्छा मागतो तिचे शब्द लेखकाने वाचकाला कधीच सांगितलेले नाहीत. त्या इच्छेने त्याचे आणि येनेफर या जादूगारणीचे नशीब बांधले गेले, एवढेच कळते. गेममधल्या त्याच नावाच्या क्वेस्टमध्ये (मोहिमेत) येनेफर दुसरा जिन शोधून ती गाठ सोडवायला निघते, कारण आपले प्रेम खरे की जादूचे, हे तिला एकदा कळून घ्यायचे असते. कथा न वाचता खेळणाऱ्या माझ्या मित्राला ही एक बरी साइड क्वेस्ट वाटली. मी मात्र डोंगरमाथ्यावर अडकलेल्या त्या जहाजाच्या तुकड्यावर, उत्तराचे दोन पर्याय समोर असताना, बराच वेळ बटण न दाबता बसून होतो.

आता तक्रारी. पुस्तकातला गेराल्ट बहुतेक काळ कफल्लक असतो. गावच्या पाटलाशी तो मोबदल्याची घासाघीस करतो, आणि ती घासाघीस गेममध्ये छान ठेवली आहे (या कामाला मराठीत ‘सुपारी’ हा शब्द चपखल बसेल). पण हाच गेराल्ट त्याच पाटलाच्या डोळ्यांदेखत घरातले पेटारे, पोती आणि मडकी उचकून सगळे खिशात घालतो आणि घरातले कोणी हूं की चूं करत नाही. विसाव्या तासाला माझ्याकडे अर्धे गाव विकत घेण्याइतके सामान होते आणि ओझ्याने घोडी बसायची वेळ आली होती. पातळ्यांची (आकड्याने ठरणाऱ्या ताकदीची) पद्धतही पुस्तकांच्या आत्म्याशी भांडते. सापकोव्स्कींच्या जगात कसलेला योद्धाही एखाद्या सामान्य माणसाच्या हातच्या सामान्य हत्याराने मरू शकतो, तेच तर त्या जगाचे भय आहे; गेममध्ये मात्र वरच्या पातळीचा रस्त्यावरचा चोर ग्रिफिन नावाच्या राक्षसापेक्षा चिवट ठरतो, कारण त्याच्या डोक्यावरचा आकडा मोठा आहे. लढाईबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे नाही. मी ‘स्टोरी अँड सोर्ड’ या काठिण्यावर खेळलो, ती शंभर तासांनंतर एकसुरी झाली. विषारी काढे प्यायल्यावर गेराल्टच्या चेहऱ्यावर शिरा उमटतात, तेवढे मात्र थेट पुस्तकातून आलेले आणि परिणामकारक आहे.

ट्रिस या जादूगारणीच्या बाबतीत गेमकर्त्यांनी पुस्तक वाचूनही न वाचल्यासारखे केले आहे. सॉडनच्या लढाईत तिच्या छातीवर भाजल्याचे व्रण राहतात आणि म्हणून ती पुढे कधी मोठ्या गळ्याचे कपडे घालत नाही, हा कादंबरीतला लहानसा पण हळवा तपशील आहे. गेममधला तिचा पोशाख पाहिला की हा तपशील कोणाला नकोसा झाला होता आणि का, ते कळते.

राहिला ग्वेंट. कादंबरीत हा बुटक्या लोकांचा पत्त्यांचा डाव निव्वळ उल्लेखापुरता आहे. गेमने त्याला नियम दिले, पत्ते दिले आणि माझे किमान पंचवीस तास खाल्ले. मानलेली मुलगी जिवाच्या संकटात आहे, सम्राटापासून सगळे तिला शोधत आहेत, आणि हा बाप खानावळीत बसून एका लोहाराचा हुकमी पत्ता जिंकायच्या मागे आहे, हे दृश्य हास्यास्पद आहे हे मला ठाऊक होते. तरी मी खेळत राहिलो.

सुमारे ऐंशी तासांनंतर मी इंग्रजी आवाज बंद करून पोलिश आवाज आणि इंग्रजी मजकूर अशी योजना केली, ती कायम ठेवली. इंग्रजीत डग कॉकल यांचा गेराल्ट खर्जातला आणि थकलेला आहे, तो उत्तमच आहे. पण पोलिशमधल्या यात्सेक रोझेनेक यांच्या गेराल्टला विनोद अधिक आहे, आणि मला आठवणारा पुस्तकातला गेराल्ट तोच. गेराल्टचा कवी मित्र, इंग्रजीतला डँडेलियन, पोलिशमध्ये यास्किएर आहे, म्हणजे फूल दुसरेच; पहिले दोन दिवस कानाला खटकते, मग सवय होते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. डिसेंबर २०२२ मध्ये आलेले मोठे अद्ययावतीकरण जुन्या ग्राहकांनाही विनामूल्य होते आणि जादूची चिन्हे झटपट वापरण्याची त्यातली सोय फार उपयोगी आहे. माझ्या चार वर्षांच्या लॅपटॉपवर मी चित्रणाची जुनी, हलकी डायरेक्टएक्स ११ पद्धत निवडून, प्रकाश-सावल्यांचे रे ट्रेसिंग बंद ठेवून खेळलो आणि काही अडले नाही. अक्षरांचा आकार पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी आता वीस मिनिटेही टिकत नाही. गेम आपोआप नोंद ठेवतो, पण मोठ्या प्रसंगाआधी हाताने नोंद करून ठेवणे शहाणपणाचे. आणि हा गेम पूर्णतः प्रौढांसाठी आहे. दहावीतल्या भाच्याने दिवाळीत बराच लकडा लावला, त्याला मी फक्त घोड्यावरून फिरू दिले.

मूळ लेखकाने गेमचे हक्क टक्केवारी नाकारून एकरकमी पैशांत दिले होते, कारण गेममधून काही निष्पन्न होईल असे त्यांना वाटत नव्हते. २०१८ मध्ये त्यांनी कंपनीकडे ६ कोटी झ्लॉटींची मागणी केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये दोघांत नवा करार झाला. या एका गेमच्या ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. लेखकाची बाजू मला समजते. मात्र कथासंग्रहाचे इंग्रजी भाषांतर पहिल्या गेमच्याच वर्षी, २००७ मध्ये निघाले, आणि माझ्यासारख्या पुण्यातल्या वाचकाच्या हाती ते पडण्यात गेमचा वाटा किती, हा हिशेब कोणत्याही करारात मांडता येणार नाही.

कोणाला सुरुवात करायची असल्यास दोन कथासंग्रह आधी वाचावेत, शक्य असल्यास पाचही कादंबऱ्या, आणि पहिले दोन गेम वगळले तरी चालेल. ‘ब्लड अँड वाइन’ हा २०१६ चा विस्तार मात्र सर्वांत शेवटी ठेवावा. तो तुसाँ या द्राक्षमळ्यांच्या राज्यात घडतो, जिथे शेवटच्या कादंबरीत गेराल्ट आणि त्याचे सोबती गरजेपेक्षा बराच अधिक काळ रेंगाळले होते. त्या सोबत्यांपैकी एक, ज्याचा शेवट वाचून मी पुस्तक मिटले होते, तो तिथे पुन्हा भेटतो. भेट झाल्यावर दोघे जुन्या मित्रांसारखे शांतपणे बोलत बसतात, आणि मी त्या रात्री साडेअकराची मर्यादा मोडून एक वाजेपर्यंत जागा होतो.