स्लाइड फेरतपासणी सेवा : पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेचा अनुभव

वडिलांच्या गालावरील गाठ काढल्यानंतर आलेल्या पहिल्या अहवालात ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा, कडा मोकळ्या’, म्हणजे त्वचेचा एक प्रकारचा कर्करोग आहे आणि काढलेल्या भागाच्या कडांवर तो नाही, एवढेच लिहिले होते. कर्करोग मज्जातंतूच्या आवरणात शिरला आहे किंवा नाही, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. दाढी करताना वरच्या ओठाला ब्लेड लागलेले कळत नाही आणि गालावर सारख्या मुंग्या येतात, अशी तक्रार वडील आधीपासून करत होते. बधिरपणा आणि मुंग्या हे मज्जातंतू बाधित झाल्याचे लक्षण असू शकते; पण ती तक्रार आम्ही वयावर ढकलली, आणि तपासणीला पाठवलेल्या चिठ्ठीतही ती कोणी लिहिली नाही. त्वचेच्या कर्करोगासाठीच्या ‘मोहस’ या शस्त्रक्रिया पद्धतीत शस्त्रक्रिया चालू असतानाच काढलेल्या त्वचेचे गोठवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि बाधित तंतू दिसला तर तिथेच पुढची त्वचा काढतात. वडिलांची शस्त्रक्रिया साध्या पद्धतीची होती, त्यामुळे सगळी भिस्त नंतरच्या अहवालावर होती.

म्हणून स्लाइड (काचेवरील गाठीचे पातळ काप) आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) घेऊन या प्रयोगशाळेत गेलो. नुसत्या स्लाइडवर भागत नाही, कारण ठरावीक पेशी रंगवून दाखवणाऱ्या विशेष रंजकांसाठी ब्लॉकमधून नवे काप घ्यावे लागतात, हे त्यांनी फोनवरच सांगितले होते. तेथील पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी अर्ज बाजूला ठेवून आधी मुंग्यांबद्दल विचारले, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली.

चौथ्या दिवशी त्यांनी दोन जणांना एकाच वेळी पाहता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर मला स्लाइड दाखवली. मज्जातंतू उठून दिसावा म्हणून वापरलेल्या एस-१०० रंजकाने तपकिरी झालेला तंतू मधोमध होता आणि त्याला कर्करोगाच्या पेशींनी बांगडीसारखा वेढा घातला होता. आधीच्या बायॉप्सीच्या व्रणाजवळ तंतूच्या आवरणातील निरुपद्रवी पेशीही वाढून असाच भास निर्माण करतात; म्हणून वेढ्यातील पेशी खरोखर कर्करोगाच्याच आहेत, याची अशा कर्करोगपेशी रंगवणाऱ्या सायटोकेराटिन रंजकाने खात्री केल्यावरच त्यांनी निदान लिहिले.

अहवालात मात्र एक उणीव राहिली होती. तंतूची जाडी लिहिलेली नव्हती, आणि नेमका तोच आकडा महत्त्वाचा असतो, कारण डोके व मानेच्या त्वचेच्या या कर्करोगात ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, अथवा त्वचेच्या डर्मिस थराखाली असलेला तंतू बाधित असेल, तर कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटीच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीनुसार गाठ टी-३ या पुढच्या टप्प्यात धरतात. विचारल्यावर त्यांनी मोजून ‘०.१५ मिमी’ असे लिहून दिले, पण विचारावे लागले. त्या आकड्यावरूनच पुढे चेहऱ्याच्या मज्जातंतूंचा एमआरआय आणि किरणोपचार ठरले.

शुल्क रोखीनेच घेतात आणि बसायला जागा अपुरी आहे, तरीही तपासणीसाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवीन. ब्लॉक परत न्यायला मात्र स्वतःहून फोन करावा. आमचे ब्लॉक तीन आठवडे तिथेच पडून होते.